फोड सुकल्यानंतरची नागीण

श्रोतेहो, बोलण्याची सुरुवात एका रुग्णापासून करतो. 68 वर्षांचे एक गृहस्थ एका सकाळी शर्टाची गुंडी लावायला गेले आणि ती लागेना. गुंडी दिसत होती, उजव्या हाताची बोटे तिच्यापर्यंत पोचत होती, पण काजातून ती सरकवण्याची जी बारीकशी हालचाल असते, ती बोटांना जमत नव्हती. झोपेत हात अंगाखाली आला असेल, असे समजून त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. दुपारी पत्नीशी बोलताना शब्द अडखळू लागले, तेव्हा घरच्यांनी त्यांना आणले. रक्तदाब ठीक होता, मधुमेह नव्हता, धूम्रपान कधी केलेले नव्हते, हृदयाचे ठोके नियमित होते. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात रक्तपुरवठा तुटल्याच्या दोन-तीन लहान खुणा दिसल्या. पक्षाघात झाला आहे हे उघड होते, पण तो कशामुळे झाला हे कळत नव्हते. तपासता तपासता माझे लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेले. डाव्या भुवईपासून केसांच्या रेषेपर्यंत टाचणीच्या डोक्याहून थोडे मोठे, फिकट आणि किंचित खोलगट असे व्रण होते, आणि ते कपाळाच्या बरोबर मध्यावर येऊन थांबले होते. उजव्या अर्ध्या कपाळावर एकही व्रण नव्हता. मी विचारले, तेव्हा पत्नी म्हणाल्या, "ती नागीण होती, डॉक्टर. दोन महिने होत आले. ती तर पूर्ण बरी झाली."

'बरी झाली' या दोन शब्दांबद्दल मला आज बोलायचे आहे. त्या बाई चुकीचे काही सांगत नव्हत्या. फोड सुकले होते, खपल्या पडल्या होत्या, आग थांबली होती, आणि त्वचेचा आजार म्हणून पाहिले तर नागीण खरोखरच संपली होती. अडचण अशी की नागीण हा मुळात त्वचेचा आजार नाही. तो मज्जासंस्थेचा आजार आहे, आणि त्वचा ही केवळ तो डोळ्यांना दिसण्याची जागा आहे. हे नीट समजले की पुढचे सगळे आपोआप उलगडत जाते, म्हणून त्याच्यासाठी थोडा वेळ घेतो.

नागिणीचा विषाणू बाहेरून येत नाही. तो आपल्या शरीरात आधीपासूनच असतो, बहुधा लहानपणापासून. कांजिण्या ज्या विषाणूमुळे होतात तोच हा विषाणू. त्याचे नाव व्हॅरिसेला-झोस्टर, आणि तो हर्पीसच्या कुळातला आहे. कांजिण्यांचा आणि नागिणीचा काही संबंध असावा, असे बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश फॉन बोकाय यांनी 1892 मध्येच मांडले होते, कारण घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की त्याच घरातल्या मुलांना काही दिवसांनी कांजिण्या येतात, हे त्यांनी पाहिले होते. दोन्ही आजारांचा विषाणू एकच आहे हे 1950च्या दशकात थॉमस वेलर यांनी प्रयोगशाळेत दाखवले. पण नागीण म्हणजे नवा संसर्ग नसून जुन्याच विषाणूचे जागे होणे आहे, हा विचार नीटपणे मांडला तो एडगर होप-सिम्पसन यांनी. ते इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या गावातले साधे कुटुंबवैद्य होते. स्वतःच्या रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी समोर ठेवून त्यांनी 1965 मध्ये हे सांगितले. मोठ्या प्रयोगशाळेवाचून, केवळ चिकाटीने ठेवलेल्या नोंदींच्या बळावर एक डॉक्टर कुठवर पोचू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कांजिण्या बऱ्या होतात तेव्हा शरीर या विषाणूला हुसकावून लावत नाही. तो मज्जातंतूंच्या पेशींमध्ये शिरून तिथे निद्रिस्त राहतो. पाठीच्या कण्याला लागून, दोन्ही बाजूंना, प्रत्येक मणक्यापाशी चेतापेशींची एकेक छोटी गाठ असते. मराठीत तिला गुच्छिका म्हणतात, आम्ही डॉक्टर बोलताना गँग्लिऑन म्हणतो. कवटीच्या तळाशी, चेहऱ्याच्या नसांवरही अशा गुच्छिका असतात. त्वचेच्या ठरावीक पट्ट्यातला स्पर्श, वेदना, उष्णता ही सगळी संवेदना एका ठरावीक गुच्छिकेतून आत जाते. म्हणून तिथला विषाणू जागा झाला की फोड त्याच पट्ट्यात येतात, आणि शरीराच्या मध्यरेषेवर थांबतात, कारण पलीकडची बाजू पलीकडच्या गुच्छिकेकडे असते. हेन्री हेड आणि कॅम्पबेल यांनी 1900 मध्ये नागिणीच्या मृत रुग्णांच्या गुच्छिका तपासल्या आणि त्यावरून माणसाच्या अंगावरच्या या पट्ट्यांचा नकाशा तयार केला. संवेदना कुठवर गेली आहे हे पाहून मणका ओळखण्यासाठी आज आम्ही जो नकाशा वापरतो, त्याच्या मुळाशी नागिणीचे फोड आहेत. दोन्ही बाजूंनी विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही भीती अनेकांच्या मनात असते. तिला आधार नाही. नागीण सहसा मध्यरेषा ओलांडतच नाही, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे अशांच्या अंगावर ती पसरली, तर त्यातला धोका पसरण्याचा असतो, विळख्याचा नव्हे.

आता खरा मुद्दा. गुच्छिकेतल्या चेतापेशीची रचना मोठी विलक्षण असते. पेशीच्या देहातून एकच देठ निघतो आणि थोड्या अंतरावर त्याला दोन फांद्या फुटतात. एक फांदी बाहेर, त्वचेकडे जाते. दुसरी आत, मज्जारज्जूकडे किंवा मेंदूच्या देठाकडे जाते. जागा झालेला विषाणू पेशीत वाढतो आणि फांदीतून पुढे सरकतो. बाहेरच्या फांदीने तो त्वचेपर्यंत गेला की आपल्याला फोड दिसतात. पण आतली फांदीही तेवढीच उघडी असते, आणि त्या वाटेने तो मज्जारज्जूत, मेंदूत, त्यांच्या आवरणांत आणि तिथल्या पाण्यात पोचू शकतो. बहुतेक वेळा आपली प्रतिकारशक्ती त्याला तिथेच रोखते. साधी, बिनगुंतागुंतीची नागीण झालेल्या काही जणांच्या पाठीतले पाणी तपासले, तर त्यातही थोड्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या सापडतात, म्हणजे आतल्या बाजूलाही थोडी चकमक झालेली असते, फक्त माणसाला तिचा पत्ता नसतो.

विषाणूला इतकी वर्षे झोपवून ठेवण्याचे काम प्रामुख्याने टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, करतात. वय वाढते तसा त्यांचा या विषाणूवरचा पहारा ढिला होतो. म्हणून पन्नाशीनंतर नागिणीचे प्रमाण झपाट्याने वाढते. आयुष्यात केव्हा ना केव्हा नागीण होण्याची शक्यता साधारण तीन जणांमागे एकाला असते. एचआयव्ही, रक्ताचे कर्करोग, अवयवरोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड, संधिवातासाठी दिली जाणारी काही नवी औषधे, यांपैकी काही असेल तर ही शक्यता आणखी वाढते, आणि मेंदूपर्यंत संसर्ग जाण्याची भीतीही याच लोकांत जास्त असते. तरीही मेंदूची गुंतागुंत झालेले बरेच रुग्ण एरवी अगदी धडधाकट असतात, हे विसरून चालत नाही.

पुन्हा त्या गृहस्थांच्या कपाळाकडे येतो. कपाळ, पापणी, डोळा आणि नाकाचा शेंडा यांची संवेदना पाचव्या कपालनसेच्या पहिल्या शाखेतून जाते. नागिणीच्या दर 100 रुग्णांपैकी 10 ते 20 जणांना ती या शाखेवर होते. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याच्या आतही इजा होण्याची शक्यता मोठी असते. ही खूण जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात सांगितली आणि ती आजही तितकीच खरी आहे. त्या रुग्णाने त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले पाहिजे. पण डोळा सांभाळण्याच्या गडबडीत एक गोष्ट मागे पडते. याच पाचव्या नसेच्या गुच्छिकेतून निघालेले काही धागे त्वचेकडे जातच नाहीत. ते मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्यांच्या बाहेरच्या आवरणात जाऊन विसावतात. म्हणजे कपाळ आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या यांची मज्जातंतूंची सोय एकाच ठिकाणाहून झालेली असते, आणि त्या ठिकाणी जागा झालेला विषाणू कपाळाकडे जाऊ शकतो तसा रक्तवाहिनीकडेही जाऊ शकतो.

तिथे पोचल्यावर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. एरवीचा पक्षाघात बऱ्याचदा रोहिणीच्या आतल्या अस्तरावर चरबीचा थर साचून होतो, म्हणजे बिघाड आतून सुरू होतो. हा विषाणू उलट दिशेने येतो. तो प्रथम रोहिणीच्या बाहेरच्या आवरणात वाढतो, तिथे दाह सुरू होतो, मग मधल्या थरातल्या स्नायुपेशी कमी होत जातात आणि शेवटी आतले अस्तर जाड होऊ लागते. पोकळी अरुंद झाली की पलीकडच्या मेंदूला रक्त कमी पडते. काही वेळा भिंत कमकुवत होऊन तिथे फुगा धरतो किंवा रक्तस्राव होतो. या सगळ्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच फोड आणि पक्षाघात यांच्यामध्ये आठवडे, कधी महिने गेलेले असतात. कोलोराडो येथील डोनाल्ड गिल्डन, मारिया नागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 30 रुग्णांची माहिती 2008 मध्ये एकत्र केली. त्यांत पुरळ आणि मेंदूची लक्षणे यांमधले सरासरी अंतर 4 महिन्यांहून किंचित अधिक होते. चार महिन्यांनी कपाळावरचे व्रण कोणाच्या ध्यानात राहतात? रुग्ण ते विसरलेला असतो, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरला ते विचारण्याची सवय नसते.

या धोक्याचे मोजमापही झालेले आहे. तैवानमधील 2009च्या अभ्यासात नागिणीनंतरच्या वर्षभरात पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी अधिक आढळला, आणि डोळ्याच्या शाखेवर नागीण झालेल्यांत तो चौपटीहून जास्त होता. ब्रिटनमधल्या 2014च्या अभ्यासात त्याच माणसाच्या इतर काळाशी तुलना केली, तेव्हा पहिल्या चार आठवड्यांत धोका सर्वाधिक होता आणि पुढच्या सहा महिन्यांत तो हळूहळू उतरत गेला. डोळ्याच्या शाखेच्या नागिणीत मात्र पाचव्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान तो तिपटीहून अधिक होता. आमचे गृहस्थ आठव्या आठवड्यात होते. हे आकडे ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. मूळचा धोका लहान असला, तर त्याची तिप्पटही लहानच राहते. नागीण झालेल्या बहुसंख्य माणसांना पक्षाघात होत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला, विशेषतः ज्याच्या पक्षाघाताचे नेहमीचे कारण सापडत नाही अशा माणसाला, "गेल्या सहा महिन्यांत नागीण झाली होती का, आणि कुठे?" हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे, कारण या कारणावर स्वतंत्र औषध आहे आणि ते दिले नाही तर नवे झटके येत राहू शकतात.

आणि उत्तर 'नाही' असे आले तरी गोष्ट तिथे संपत नाही. वर सांगितलेल्या 30 रुग्णांपैकी 11 जणांच्या अंगावर पुरळ कधी उठलेच नव्हते. विषाणू जागा झाला, पण त्वचेच्या फांदीने बाहेर न येता फक्त आतल्या बाजूला गेला. अशा वेळी शोधाची एकच भरवशाची वाट उरते, ती म्हणजे पाठीतले पाणी तपासणे.

या तपासणीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण तिच्या भीतीपोटी अनेक निदाने लांबतात. "पाणी काढले की कमरेखालचा भाग लुळा पडतो," असे नातेवाईक मला अजूनही सांगतात. रुग्णाला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. कमरेची जागा बधिर करून तिथून बारीक सुई आत जाते. मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपलेला असतो. सुई त्याच्या खाली घातली जाते, जिथे पाण्यात फक्त सुटे मज्जातंतू तरंगत असतात. चार-सहा थेंब पडू लागले की नळी भरायला काही मिनिटे लागतात. नंतर काही जणांचे डोके दुखते, ते बहुधा काही दिवसांत थांबते. मेंदूला सूज असण्याची शंका असेल, तर आधी स्कॅन करून मगच सुई घालतात. एवढीच ती तपासणी.

आमच्या रुग्णाचे पाणी दिसायला स्वच्छ होते, पण त्यात पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या होत्या. विषाणूवरचे औषध आम्ही संशयावरूनच सुरू केले होते. विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी दुसऱ्या दिवशी हाती आली, आणि ती निगेटिव्ह होती. माझ्या तरुण सहकाऱ्याने विचारले, "मग औषध थांबवायचे का?" प्रश्न रास्त होता, पण इथेच घसरायला होते. रक्तवाहिन्यांच्या या आजारात दाह आठवडेच्या आठवडे चाललेला असतो, आणि तोवर पाण्यातला डीएनए बऱ्याचदा नाहीसा झालेला असतो. त्या 30 रुग्णांत पीसीआर फक्त 9 जणांत पॉझिटिव्ह होती, तर या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, 28 जणांच्या पाण्यात सापडली होती. ही प्रतिपिंडे रक्तातून झिरपलेली नसून आत तयार झालेली आहेत, हे रक्तातल्या प्रमाणाशी ताडून पाहावे लागते. म्हणून पीसीआर निगेटिव्ह आली एवढ्यावरून विषाणू नाही असे म्हणता येत नाही. पीसीआर आणि प्रतिपिंडे दोन्ही निगेटिव्ह आली, तरच तसे म्हणता येते. आम्ही औषध चालू ठेवले. पाच दिवसांनी प्रतिपिंडांचा अहवाल आला, आणि तो पॉझिटिव्ह होता.

रक्तवाहिन्यांविषयी मी इतका वेळ बोललो, याचे कारण तो भाग सर्वांत जास्त निसटतो. पण विषाणूच्या आतल्या वाटा आणखीही आहेत. मेंदूच्या आवरणांचा दाह झाला तर ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे अशी लक्षणे येतात. तो तरुण आणि निरोगी माणसांतही होतो, पुष्कळदा पुरळ नसतानाच, आणि बहुधा पूर्ण बरा होतो. खुद्द मेंदूचा दाह, ज्याला आपण मेंदूज्वर म्हणतो, तो अधिक गंभीर. प्रौढांतल्या मेंदूज्वराचे कारण जेव्हा सापडते, तेव्हा अनेक ठिकाणच्या पाहण्यांत साध्या हर्पीसच्या खालोखाल याच विषाणूचा क्रमांक लागतो. इथे सुरुवात नेहमीच तापाने होत नाही. वयस्कर माणूस असंबद्ध बोलू लागतो, दिवस-रात्रीचा घोळ करतो, नेहमीच्या खोलीत वाट चुकतो, आणि घरचे म्हणतात की वयामुळे चालायचेच. दोन-तीन दिवसांत झालेला असा बदल वयामुळे होत नसतो.

मज्जारज्जूपर्यंत संसर्ग गेला तर पाय जड पडतात, छातीखाली किंवा कमरेखाली बधिरपणा येतो, लघवी अडते. कमरेखालच्या, बैठकीच्या भागातल्या नागिणीत मज्जारज्जू शाबूत असूनही केवळ तिथल्या नसांच्या दाहाने लघवी तुंबू शकते, आणि लाजेपोटी रुग्ण फोडांचा उल्लेखच करत नाही. खांद्यावरच्या नागिणीनंतर हात वर उचलेनासा होतो, कारण संवेदनेच्या नसेशेजारच्या हालचालीच्या नसेलाही इजा झालेली असते. पोटावरच्या नागिणीनंतर पोटाची एक बाजू फुगून आलेला एक रुग्ण हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तयार होऊन बसला होता. ते हर्निया नव्हते. पोटाच्या भिंतीचा तेवढा स्नायू सैल पडला होता, आणि पुढच्या काही महिन्यांत तो बऱ्यापैकी सावरला.

चेहऱ्याच्या सातव्या नसेवरची नागीण वेगळी सांगायला हवी. जेम्स रॅम्से हंट यांनी 1907 मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. कान आतून दुखू लागतो, एक-दोन दिवसांत तोंड एका बाजूला वाकडे होते, डोळा मिटत नाही, चव जाते, आणि पुष्कळांना चक्कर येऊन त्या कानाने कमी ऐकू येऊ लागते. फोड मात्र कानाच्या भोकाशी, पाळीच्या घडीत किंवा टाळूवर दोन-चारच असतात. तोंड वाकडे झालेल्या प्रत्येक माणसाच्या कानात बॅटरी धरून पाहायला अर्धे मिनिट लागते. ते न पाहिल्याने हा आजार साधा चेहऱ्याचा लकवा समजून सोडून दिला जातो. साध्या लकव्यापेक्षा यातून सावरणे कठीण असते, आणि औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर निकाल बराच चांगला लागतो.

औषधाकडे येतो. असायक्लोव्हिर हे या विषाणूवरचे मुख्य औषध. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते पुढे आले, त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाची खुबी अशी, की ते शरीरात निष्क्रिय रूपात फिरत राहते आणि विषाणूने ताब्यात घेतलेल्या पेशीत शिरल्यावर विषाणूचेच विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला कामाला लावते. त्यामुळे निरोगी पेशींना त्याचा त्रास फारसा होत नाही. त्वचेपुरत्या नागिणीसाठी गोळ्या पुरतात, आणि त्या फोड आल्यापासून 72 तासांत सुरू करणे चांगले. मेंदू, मज्जारज्जू किंवा तिथल्या रक्तवाहिन्या गुंतल्या असतील, तर गोळ्यांवर भागत नाही. मग रुग्णालयात ठेवून दर 8 तासांनी, वजनाच्या दर किलोमागे 10 मिलिग्रॅम या प्रमाणात, शिरेतून साधारण 10 ते 14 दिवस औषध द्यावे लागते. रक्तवाहिन्यांच्या दाहात त्याच्या जोडीला थोडे दिवस स्टेरॉइड देण्याचा प्रघात आहे.

शिरेतून औषध देताना पाणी भरपूर द्यावे लागते, नाहीतर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. मूत्रपिंडे आधीच कमकुवत असतील तर मात्रा कमी करावी लागते. एका डायलिसिसवरच्या बाईंना त्वचेच्या नागिणीसाठी नेहमीच्या मात्रेत गोळ्या मिळाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या भ्रमिष्टासारख्या बोलू लागल्या, हातांना झटके येऊ लागले, आणि विषाणू मेंदूत गेला असे सर्वांनाच वाटले. प्रत्यक्षात औषध अंगात साचले होते. डायलिसिस केल्यावर दोन दिवसांत त्या नेहमीसारख्या झाल्या. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने नागिणीची चिठ्ठी लिहून घेताना आपला तो आजार डॉक्टरला आवर्जून सांगावा, विचारले नसले तरी सांगावा.

नागिणीनंतरच्या वेदनेविषयी तुमच्यापैकी पुष्कळांना अनुभवाने माहिती असेल. फोड गेल्यावर तीन महिन्यांनंतरही टिकलेली वेदना म्हणजे इजा झालेल्या नसेची वेदना. तिथे शर्टाचे कापड घासले तरी निखारा ठेवल्यासारखे होते, आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी फरक पडत नाही. "जखम तर दिसत नाही, मग इतके काय दुखते?" असे घरातल्यांनी विचारले की त्या माणसाचे दुःख दुप्पट होते. गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधे, लिडोकेनच्या पट्ट्या, यांनी बऱ्याच जणांची वेदना सुसह्य होते. मात्रा हळूहळू वाढवावी लागते आणि वृद्धांना झोप व तोल यांचा त्रास होतो का, ते पाहावे लागते. फोडांच्या काळात स्टेरॉइड दिल्याने ही वेदना टळत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे.

आमचे गृहस्थ 14 दिवसांनी घरी गेले. बोलणे लवकर सुधारले, बोटे मात्र हळूहळू सुधारली. तीन महिन्यांनी ते तपासणीला आले तेव्हा त्यांनी स्वतःच विचारले, "एकदा होऊन गेली, मग आता लस घेऊन काय उपयोग?" उपयोग आहे. नागीण पुन्हा होऊ शकते, आणि तीव्र आजार ओसरल्यावर लस घेता येते. लशीचीही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये हा विषाणू दुबळा करून कांजिण्यांची लस बनवली, आणि त्याच विषाणूची अधिक मात्रेची लस 2006 पासून वृद्धांना नागिणीसाठी मिळू लागली. तिचा प्रभाव मध्यम होता, शिवाय ती जिवंत विषाणूची असल्याने ज्यांना सर्वांत जास्त गरज त्या क्षीण प्रतिकारशक्तीच्या लोकांना देता येत नव्हती. 2017 मध्ये आलेल्या शिंग्रिक्स या लशीत जिवंत विषाणू नाही, त्याचे फक्त एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारा एक घटक आहे. तिच्या चाचण्यांत 50 वर्षांवरच्या लोकांत सुमारे 97 टक्के, आणि सत्तरीपुढच्यांतही सुमारे 90 टक्के संरक्षण दिसले. वृद्धांत इतका प्रभाव दाखवणाऱ्या लशी थोड्याच आहेत. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस घ्यायचे असतात. दंड दुखतो, एक-दोन दिवस अंग मोडून येते, थोडा ताप येतो. हे आधी सांगितले नाही तर लोक दुसऱ्या डोसला येत नाहीत.

वेल्समध्ये जुन्या लशीबाबत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. तिथे 2013 मध्ये लस सुरू झाली तेव्हा 2 सप्टेंबर 1933 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळाली, त्याआधी जन्मलेल्यांना मिळाली नाही. म्हणजे काही दिवसांच्या फरकाने जन्मलेली, बाकी सर्व बाबतींत सारखी अशी माणसे दोन गटांत आपोआप वाटली गेली. सात वर्षांनी पाहिले तेव्हा लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी होते, असा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. यामागे विषाणूला झोपवून ठेवणे आहे की लशीने प्रतिकारशक्तीला मिळणारी चालना, याचा शोध सुरू आहे, आणि स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ही लस घ्या असे मी आज कोणाला सांगणार नाही. नागीण टाळण्यासाठी घ्या, हे मात्र ठामपणे सांगेन.

त्या गृहस्थांनी दोन्ही डोस घेतले. दुसऱ्याच्या वेळी मी तिथेच होतो. डाव्या दंडात सुई टोचून झाल्यावर परिचारिका बाही खाली करून गुंडी लावायला पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले आणि उजव्या हाताने डाव्या मनगटावरची गुंडी काजाशी नेली. दोनदा ती सुटली. तिसऱ्यांदा लागली.